माणूस काढलेलं जंगल

बाथरूममधून आवाज आला तेव्हा तो चहा पीत होता, आणि खोटं कशाला बोला, त्या आवाजानं त्याला आनंदच झाला. आधी एक जड, मांसल, ओला थप्पकन आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ चामडं घासत गेल्यासारखी लांब घसरण. वा, तो मनात म्हणाला. गेला आठवडाभर तो नेमका या आवाजाच्या मागे हात धुऊन लागला होता. ओलं पोतं आपटून झालं होतं, शेकायची रबरी पिशवी फरशीवर टाकून झाली होती, एकदा तर शर्ट वर करून, पोट ओलं करून तो स्वतःच टेबलावर आपटला होता आणि त्याचे सहकारी दिवसभर त्यावर हसले होते. समुद्रातून बाहेर येणारा सील दगडावर अंग टाकतो, तो आवाज काही केल्या साधत नव्हता. पोत्यात पोतं ऐकू यायचं, पिशवीत पिशवी. जीव नव्हता त्यात. आणि इथे सकाळी सकाळी घरबसल्या तो आवाज आपल्या पायांनी चालत कानापर्यंत आला होता. त्यानं कप खाली ठेवला, डोळे मिटले, उजव्या तळव्यानं मांडीवर हलकेच एक थाप मारली आणि तळवा मागे ओढून पाहिला. वजन आधी पडत नाही, आधी कातडी पडते आणि वजन मागून येतं, हे त्याच्या एकदम लक्षात आलं. इतके दिवस हेच चुकत होतं. मग त्याला नळाचा त्रास व्हायला लागला. आत नळ वाहतच होता आणि त्या वाहण्याखाली ऐकलेल्या आवाजाची शेपटी बुडून चालली होती. काय ही कटकट, म्हणत तो उठला. उठला तो नळ बंद करायला उठला. हे त्याला पुढे विसरू म्हटलं तरी विसरता येईना, की तो बायकोसाठी उठला नव्हता.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती बादली आणि भिंत यांच्यामध्ये अडकल्यासारखी पडली होती, गाऊन भिजून अंगाला चिकटलेला, उजवा हात अंगाखाली. ओरडत नव्हती, रडत नव्हती. दाराकडे तोंड करून नुसती बघत होती, जणू दार उघडायच्या कितीतरी आधीपासून तिथेच बघत होती. "नळ बंद करा आधी," ती म्हणाली. त्यानं नळ बंद केला. "अगं, पडलीस की काय?" "छे, गंमत म्हणून बसलेय," ती म्हणाली, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या काखेत हात घालून उठवताना त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मला वाटलं, बादली पडली." कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या खांद्यावरचा बायकोचा डावा हात क्षणभर सैल झाला आणि पुन्हा घट्ट झाला. दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरनं मनगटाला प्लास्टर घालताना, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरात कुणी नव्हतं का त्या वेळी?" "होते ना. हे होते," ती म्हणाली. एवढंच. आवाजात ना राग, ना टोमणा. तिच्या आवाजातला टोमणा त्याला लांबून ओळखता यायचा, सव्वीस वर्षं ऐकत आला होता, पण या वाक्यात तो कितीही शोधला तरी सापडेना. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्याचा धंदा लोकांना समजावून सांगायचा म्हणजे डोकेदुखी. प्राण्यांच्या माहितीपटांना तो आवाज द्यायचा. म्हणजे निवेदन नव्हे, ते कुणी घोगऱ्या गळ्याचा गृहस्थ करायचा, प्राण्यांचा आवाज. लोक म्हणायचे, इश्श, त्यात काय द्यायचं, तो तर असतोच की. तर तो नसतो. चित्ता धावतो तो मैलभरावरून दुर्बिणीसारख्या भिंगातून टिपलेला असतो, आणि मैलभरावरून फक्त दिसतं, ऐकू काही येत नाही. पडद्यावर येतो तो मुका चित्ता. त्याची पावलं इथे, शहरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत, वाळूच्या परातीत दोन मुठी आपटून निघायची. गिधाडं मेलेल्या हरणाला फाडायची ती ओल्या कापडाला फाडून. अस्वल चालायचं ते त्याच्या थंडीतल्या हातमोज्यांवर. घरातली कुठलीही वस्तू हरवली की ती कुठल्यातरी जंगलात सापडायची. बायकोची चामड्याची पर्स वटवाघूळ होऊन परत आली होती, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली मऊ चादर वर्षभर बर्फ होती. चित्रपट लागला की ती शेजारी बसून ओळखायची, "हे आपलं जिन्यातलं पायपुसणं ना?" आणि बरोबर निघालं की त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची. शाळेत नापास होत होत तो इथवर आला होता, पण कोण कुणाला खातं, कुणावाचून कुणाचं अडतं, हे त्याला पाठ होतं. लांडगे मारून टाकले की हरणं माजतात, हरणं माजली की कोवळी रोपं उरत नाहीत, रोपं नसली की नदीचे काठ ढासळतात. लांडगा गेला आणि नदी वाकडी झाली, असं तो जेवताना हातवारे करून सांगायचा. एक सुटलं की सगळं सुटतं. "जंगलात सगळे एकमेकांना खातात," बायको म्हणायची, "आणि इथे तुम्ही माझं डोकं." पण ऐकायची. दुसऱ्या दिवशी शेजारणीला तीच लांडग्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगायची.

आता तेच सगळं ज्ञान त्याला फिरून येऊन टोचायला लागलं. एकदा, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा, ती दोघं खरोखरच्या जंगलात गेली होती. तिचाच हट्ट. "इतके प्राणी करता, एकाला तरी भेटू या." पहाटे एका झाडाखाली त्यांना उभं केलं आणि समोरच्या गवतातून हरणांचा कळप गेला. हाकेच्या अंतरावरून गेला आणि आवाज काहीच आला नाही. गवत हललं, कान हलले, एकानं मान वळवून यांच्याकडे पाहिलंसुद्धा, पण त्याच्या लेखी तिथे काही घडलंच नाही. त्याला फसवल्यासारखं वाटलं. तो वैतागून कुजबुजला, "हे काय, यात काहीच नाही," आणि तिनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. परतीच्या रस्त्यात म्हणाली, "तुमचं हरीण जास्त खरं वाजतं बाई." ते कौतुक त्यानं अनेक वर्षं जपून ठेवलं होतं. आता तिच्या कण्हण्यावर लक्ष ठेवत शेजारी पडल्या पडल्या ते कौतुक त्याला काही वेगळंच वाटायला लागलं. खरं हरीण समोरून गेलं आणि आपल्याला ते पोचलं नाही. मग खरं काय पोचतं आपल्याला? बायको पडली तो आवाज खरा होता, त्याहून खरा आवाज त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता, आणि त्यात बायको नव्हती. त्याला ऐकू कमी येत नव्हतं, तसं असतं तर कान तपासून घेतले असते. त्याला सगळं ऐकू येत होतं. भीती त्याचीच वाटत होती. उद्या हिच्या छातीत कळ आली, ही घुसमटली, तर आपण काय ऐकू? कुठलं जनावर ऐकू? तो कुशीवर वळला आणि मुद्दाम तिचा श्वास ऐकायला लागला, आत, बाहेर, आत, आणि थोड्याच वेळात आपण त्या श्वासाला झोपलेल्या बिबट्याच्या पोटाशी जुळवून पाहतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. तो उठून बसला. "काय झालं?" ती झोपेत म्हणाली. "काही नाही, झोप."

तीन दिवसांच्या रजेनंतर तो कामावर गेला. खोलीत पाय ठेवताच बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली. काचेपलीकडे घुबड बसलेला होता. गोल चष्मा, दिवसभर अंधारात बैठक, मान तेवढी वळणार; सगळे आवाज एकत्र करून चित्राला बसवण्याचं काम त्याचं, आणि हे नाव त्यानं स्वतःच लावून घेतलेलं. "वहिनी कशा आहेत?" "प्लास्टर आहे. बरी आहे." "सुटलात. तुम्ही नव्हतात तर माणसं मलाच काढावी लागली," घुबड म्हणाला. माणसं काढणं हे त्यांचं रोजचं पहिलं काम. चित्रीकरणाच्या जागेवरून वाऱ्याचे, लाटांचे जे थोडेफार आवाज भरून येतात, त्यांत कुठे कॅमेरावाला खोकतो, कुठे लांबून कुणी कुणाला जेवायला बोलावतं, कुठे होडीवरचा माणूस हाळी देतो. ते सगळं शोधून शोधून कापायचं, आणि कापल्याची खूण राहू द्यायची नाही. पडद्यावरच्या जंगलात माणूस ऐकू येऊन चालत नाही. नवीन होता तेव्हा त्याला हे काम तांदळातले खडे वेचल्यासारखं वाटायचं, एकेक हाताला लागावा लागायचा. आता वेचावंही लागत नसे. कान लावले की माणसाचा आवाज त्याला आपोआप वेगळा पडलेला दिसायचा, आणि मनात यायच्या आधीच हात तो काढूनही टाकायचा. घुबडाला हेवा वाटायचा त्याचा. "काका, तुमचे कान म्हणजे चाळण आहे," तो म्हणायचा, आणि याला ते आवडायचं.

दिग्दर्शिका दुपारी आली. मुलीच्या वयाची, बोलायला गोड, आणि एक आवाज मनासारखा येईपर्यंत जीव खाणारी. चित्रपटाचा सगळा जीव एका प्रसंगात होता. खडकाळ किनारा, त्यावर शेकडो सील माद्या आणि त्यांची पिल्लं, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. एक आई कितीतरी दिवस समुद्रात मासे धरून परत येते, दगडावर अंग टाकते, मान वर करून साद घालते, आणि त्या एवढ्या कल्लोळात तिचं पिल्लू तिचाच आवाज ओळखून उलट ओरडतं. निवेदक म्हणणार होता की या गर्दीत डोळ्यांचा काही उपयोग नाही, वासाचं काम अगदी जवळ आल्यावर. लांबून नातं टिकतं ते फक्त आवाजावर, आणि ज्या पिल्लाला आईची साद ओळखता येत नाही ते उपाशी मरतं. "काका, तो दगडावर येण्याचा आवाज मिळाला का? तिथे प्रेक्षकाला तिचं वजन कळलं पाहिजे. थकवा कळला पाहिजे." तो उठला. कोपऱ्यातली जाड रबरी पिशवी घेतली, तिच्यात ओली वाळू भरली, पण अर्धीच, म्हणजे वाळू मागून येईल. फरशीवर पाणी ओतलं. गुडघ्यावर बसला. पडद्यावर मुकी मादी लाटेतून वर आली, त्यानं तिच्याबरोबर पिशवी सोडली, आणि पडता पडता मनगटानं मागे ओढली.

पहिल्याच खेपेला आला. काचेपलीकडे घुबडानं दोन्ही हात वर केले. दिग्दर्शिका उठून उभी राहिली, तिच्या अंगावर काटा आला होता आणि ती तो बोटानं दाखवत होती. "अहाहा! काका! कुठून आणलात हो हा?" "घरून," तो म्हणाला. ती हसली. त्याला वाटलं, आपणही हसावं, म्हणून तो हसला. घुबड प्रसंग मागेपुढे करून तो आवाज चित्राला बसवायला लागला आणि तो आवाज पुन्हा पुन्हा खोलीत पडू लागला. थप्प, आणि घसरण. थप्प, आणि घसरण. प्रत्येक वेळी तो बादली आणि भिंत यांच्यामध्ये बघायचा. बंद कर म्हणावं, हा नको, दुसरा करतो म्हणावं, असं ओठांवर आलं, पण कारण काय सांगणार? आणि खरं म्हणजे आवाज उत्तम होता. तो सोडवेना. हे त्याला स्वतःबद्दल कळलं. तो बाहेर जाऊन जिन्यावर बसला आणि त्या सकाळची उजळणी करायला लागला, पहिल्यापासून, नीट, जसं कामात करतो तसं. चहाचा कप. थप्प. घसरण. आपला तळवा मांडीवर. नळ. वाहणारा नळ, आणि त्याखाली काही नाही, स्वच्छ. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, मग दार. कितीही वेळा फिरवलं तरी तेवढंच. मग एवढं साधं असताना ती दाराकडे तशी का बघत होती? कण्हत पडलेलं माणूस दाराकडे असं बघत नाही. तो प्रश्न घेऊनच तो संध्याकाळी घरी गेला. जाताना रस्त्यात त्यानं ठरवलं, आज सांगून टाकायचं. बादली वाटली नव्हती, हे तरी सांगायचं. मग ती काय म्हणायचं ते म्हणो.

घरी ती खिडकीशी स्टुलावर बसून डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न करत होती आणि स्वतःवरच चिडली होती. "आलात? या. ही झाडी तुम्हीच साफ करा आता. एका हातानं वेणी घालणारी बाई अजून जन्माला यायचीय." त्यानं फणी घेतली, मागे उभा राहिला. केस पातळ झाले होते, कानामागचे पांढरे. या बाजूनं त्यानं तिला कधी निरखलं नव्हतं. फणी गुंत्यात अडली की ती खांदा आखडायची, पण हूं की चूं करायची नाही. "दुखतंय का?" "हात का डोकं?" "दोन्ही." "चालायचंच." खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. तिचं तोंड पलीकडे होतं म्हणून त्याला बोलणं जमलं.

"मला बादली वाटली नव्हती."

"माहीत आहे मला."

"मला ऐकू आलं होतं. सगळं. तू पडलीस तो आवाज." त्यानं फणी केसांतच राहू दिली. "मला वाटलं, सील आहे."

तिचे खांदे हलायला लागले. तो घाबरला, पण ती हसत होती. "सील!" ती म्हणाली. "अहो, मी तिथे मरत होते आणि तुम्ही मला मिशा लावल्यात!" हसता हसता प्लास्टर मांडीवर आपटलं आणि ती आई गं म्हणाली आणि पुन्हा हसली. त्यालाही हसू फुटलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगावं! एवढंच तर होतं. उगाच आपण जिवाला घोर लावून घेतला. असं असतं बायकोचं, पोटात घालते. "मग, चांगला होता का तरी?" तिनं डोळे पुसत विचारलं. "काय?" "माझा आवाज." "फार चांगला होता," तो म्हणाला. "आज केलाही. सगळ्यांना आवडला." हे बोलायला नको होतं असं त्याला वाटलं, पण ती तशी रागावली नाही. तिनं मान हलवली, ठीक आहे अशा अर्थानं, आणि खिडकीबाहेर बघत, सहज, भाजीचं विचारावं तसं विचारलं, "आणि हाक?"

"कुठली हाक?"

ती वळली. फणी तिच्या केसांतच लटकत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण त्याच्याखाली ती त्याच्याकडे, त्या सकाळी दाराकडे बघत होती तशी, बघायला लागली होती.

"मी हाक मारली होती ना."

"कधी?"

"पडल्यावर. कधी म्हणजे काय? पडल्यावरच मारतात ना हाक." ती त्याचा चेहरा शोधत होती. "म्हणजे, सील वाटला ते ठीक आहे, गंमत झाली, पण मला वाटलं, हाकेला तुम्ही मुद्दाम उशीर केलात. कशाचा तरी राग असेल. गेले चार दिवस मी तेच आठवतेय, आपण काय बोललो होतो यांना."

"तू हाक मारली नाहीस," तो म्हणाला. "मला सगळं ऐकू आलं होतं. नळ होता. नळाखाली काही नव्हतं." आपण भांडल्यासारखं बोलतो आहोत हे त्याला कळत होतं. "अहो म्हणालीस का? अहो म्हणाली असतीस तर मी..."

"आधी अहो म्हटलं. दोनदा म्हटलं. तुमची चाहूल लागेना. खुर्ची वाजेना, काही नाही. मला वाटलं, तुम्हीच पडलात की काय बाहेर." ती थांबली. सांगावं की नाही अशा विचारात तिनं प्लास्टरची कड नखानं खरवडली. "मग घाबरून तुमच्या नावानं मारली. नुसत्या नावानं. मोठ्यांदा."

सव्वीस वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारलेली नव्हती. चारचौघांत नाही, एकांतात नाही, बाळंतपणात नाही, भांडणात तर नाहीच. तिच्या तोंडी आपलं नाव कसं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. तो तिथेच उभा राहून सकाळ पुन्हा धुंडाळायला लागला, कप, थाप, घसरण, नळ, नळाखाली, नळाच्या आणखी खाली, तिथे काहीतरी असायलाच हवं होतं, एखादा कण, एखादी कड. काही नव्हतं. कुठे कापलंय तेसुद्धा कळत नव्हतं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, तिच्या पायांशी, अगदी जवळ.

"पुन्हा मार ना," तो म्हणाला. "एकदाच. आता ऐकतो मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला दया आली असावी, कारण तिनं खरंच प्रयत्न केला; ओठ उघडले, श्वास आत घेतला, आणि तो श्वास तसाच बाहेर सोडून दिला.

"नाही येत हो," ती म्हणाली. "उगीच म्हणून नाही येत."